दात किडतो कसा, वाचतो कसा

दातावरचे इनॅमल हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते, तरी आम्लापुढे त्याचा टिकाव लागत नाही. तोंडातले जिवाणू दातांवर चिकट थर धरतात. त्याला प्लाक म्हणतात. अन्नातली साखर मिळताच हे जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. आम्लता वाढून पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल सौम्य करून झीज भरून काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणूनच जेवणाबरोबर खाल्लेल्या एका लाडवापेक्षा दिवसभर येता-जाता घेतलेला गोड चहा आणि बिस्किटे दातांना अधिक बाधतात.

कीड लागण्याची पहिली खूण म्हणजे दातावरचा खडूसारखा पांढरट डाग. या टप्प्यावर फ्लोराइडची पेस्ट आणि स्वच्छता यांनी दात सावरू शकतो. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. कीड आतल्या मज्जेपर्यंत पोहोचली, की दाढ ठणकू लागते आणि रूट कॅनाल करण्याची वेळ येते. दुखत नाही म्हणजे दात चांगला, असे समजून थांबणे म्हणूनच महागात पडते.

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत दुधाचे २० दात पुरे होतात. दात आला की ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवर साचून राहते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने ती दुधाचीच समजली जाते आणि दुर्लक्षामुळे किडते. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. दात घडण्याच्या वयात ते पाणी पोटात गेले, तर दातांवर कायमचे डाग पडतात. अशा ठिकाणी पाण्याची तपासणी आणि पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला आवश्यक आहे.

मोठ्यांमध्ये हिरड्यांचा आजार बळावतो. ब्रश करताना रक्त आले म्हणून अनेक जण तेवढी जागा टाळतात; त्यामुळे प्लाक वाढून सूज आणखी चढते. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हाताने दोन मिनिटे फिरवावा. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वीही. टणक झालेले किटण मात्र दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे. गर्भारपणात हिरड्या लवकर सुजतात, तर मधुमेहात हिरड्यांचा आजार आणि रक्तातली साखर एकमेकांना वाढवतात. तंबाखू भाजून केलेल्या मिशरीने दात स्वच्छ होत नाहीत. उलट तिचे व्यसन जडते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

उतारवयात हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडतात. मुळांवर इनॅमल नसल्यामुळे तिथे कीड झपाट्याने पसरते. रक्तदाब, नैराश्य यांवरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि लाळेचे संरक्षण घटते. औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे आणि वरचेवर पाण्याचे घोट घ्यावेत. कवळी रोज घासून धुवावी आणि रात्री काढून पाण्यात ठेवावी.