दूरचा टाळ मागे का पडतो?

भाद्रपद लागला की गडचांदूरच्या परिसरात टाळ, मृदंग आणि खंजिरी यांचा नाद घुमू लागतो. गणरायाच्या आगमनापासून आश्विनातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीपर्यंत भजनाची ही पर्वणी चालते. स्वतः महाराजांनी खंजिरीच्या साथीने खेडोपाडी लोकजागृती केली असल्याने चंद्रपूर-गडचिरोलीच्या या वनप्रदेशात त्या वाद्याचे स्थान आगळेच आहे.

अलीकडे या भजनात बिनतारी मायक्रोफोनने प्रवेश केला आहे. गायक व्यासपीठ सोडून श्रोत्यांत जातो. खंजिरीवादक पालखीबरोबर मंडपाच्या टोकापर्यंत चालतो. भाविकांना हे सान्निध्य आवडते. परंतु नेमक्या अशाच वेळी लय ढासळू लागते आणि दूर गेलेल्या वादकावर बेतालपणाचा ठपका येतो. आमच्या मते हा दोष बहुधा त्या वादकाचा नसतो. तो मधल्या हवेचा असतो.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो, तेही हवेचे तापमान २५ अंश असताना. म्हणजे दर मीटरला एका सेकंदाचा सुमारे तीनसहस्रांश भाग खर्ची पडतो. चंद्रपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला, तरी हा वेग जेमतेम ३५८ मीटरांच्या आसपास पोहोचतो. व्यासपीठापासून ७० मीटरांवर उभ्या असलेल्या गायकास तबल्याची थाप सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी उशिरा ऐकू येते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर ८६ मीटरांवर अर्धी मात्राच हरवते!

बिनतारी यंत्राची रेडिओलहर मात्र प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर, धावते. घोटाळा होतो तो येथेच. ७० मीटरांवरील गायक ऐकू आलेल्या ठेक्यावर बरोबर गातो. त्याचा स्वर मायक्रोफोनमधून तत्काळ व्यासपीठाशी पोहोचतो. परंतु तबलजी तोवर पुढे गेलेला असतो. त्याला गायक मागे पडल्यासारखा वाटतो व तो थांबून घेतो. ही थांबलेली थाप पुन्हा उशिराच गायकापर्यंत जाते. दोघेही एकमेकांना सांभाळू पाहतात आणि त्या सांभाळण्यातच भजन रेंगाळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एकमेकांपासून दूर बसविलेल्या व्यक्तींना टाळ्यांचा ताल धरावयास लावून प्रयोग झाले. त्यांतही विलंब वाढला की लय मंदावते, असेच आढळून आले.

आपल्या परंपरेने मात्र या अडचणीतून पूर्वीच वाट काढली आहे. आळंदीहून पंढरीस निघणाऱ्या पालखीसोहळ्यात शेकडो दिंड्या असतात. पण साऱ्या सोहळ्याचा एकच ताल धरण्याचा अट्टहास तेथे नसतो. प्रत्येक दिंडीचा विणेकरी आपला, मृदंग आपला, टाळकरीही आपले. तळावर समाजआरतीच्या वेळी सर्वांना एकदम शांत करावयाचे असते, तेव्हा चोपदार आपला दंड उंचावतो. डोळ्यांना दिसणारी ही खूण दूरच्या दिंडीपर्यंतही क्षणात पोहोचते. गडचिरोलीच्या रेला नृत्यातही नर्तक हातांत हात गुंफून एकमेकांजवळ राहतात. पावलांना ठेका मिळतो तो शेजारूनच.

मग आजच्या मंडळांनी काय करावे? ध्वनिक्षेपकांचा आवाज वाढविणे हा उपाय नव्हे. मोठा आवाज काही लवकर पोहोचत नाही. साथीवर विसंबणाऱ्याने शक्यतो दहा मीटरांच्या आतच असावे. दूर जाणे आवश्यकच असेल, तर व्यासपीठावरील वाद्यांचा आवाज रेडिओलहरींनीच त्याच्या कानातील इअरफोनपर्यंत न्यावा. मात्र येथे घरगुती ब्लूटूथ कामाचे नाही. त्यात पुष्कळदा सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा वाया जातो.

श्रोत्यांसाठी दूरवर लावलेल्या क्षेपकांचा आवाज अंतराच्या हिशेबाने थोडा उशिरा सोडावा. ६० मीटरांवरच्या क्षेपकाला सुमारे १७३ सहस्रांश सेकंद विलंब द्यावा लागतो. तसे केल्यास दोन्हीकडचे स्वर जवळजवळ एकाच क्षणी कानी येतात. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले, की थोडक्या अंतराने आलेले दोन समान ध्वनी माणसाचा कान एकच मानतो. अंतर फार वाढले, तर मात्र प्रतिध्वनी जाणवू लागतो. तथापि श्रोत्यास सुखावणाऱ्या या क्षेपकावर टाळकऱ्याने विसंबू नये. तो मुद्दाम उशिराच बोलत असतो.

आणि हे काहीच जमणारे नसेल, तर दिंडीचा मार्ग आहेच. पालखीबरोबर चालणाऱ्या भजनकऱ्यांना त्यांचा स्वतंत्र मृदंग द्यावा. अथवा व्यासपीठाने चरण म्हणावा, क्षणभर थांबावे व दूरच्यांनी तो झेलावा. अशा सवाल-जबाबात विलंबाचा उपद्रव होत नाही.

भजनात सर्वांचा स्वर एक व्हावा, ही भाविकांची इच्छा असते. मागे पडलेल्या टाळकऱ्यावर डोळे वटारण्यापूर्वी मंडळांच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या आणि व्यासपीठाच्या मधले अंतर एकदा पावलांनी मोजून पाहावे. गावातला एखादा होतकरू खंजिरीवादक नाहक बोल लागून भजनास मुकू नये, एवढेच आमचे या उत्सवप्रसंगी मागणे आहे.