जंत माशाच्या कातडीवर, धास्ती माणसाच्या पोटाची

माशाच्या अंगावर चपटा कृमी दिसला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘हा मासा खाल्ला तर जंत पोटात जाणार!’ बेनेडेनिया या प्रजातीबाबत हे साफ चूक आहे, आणि तरी चांगली शिकलेली माणसेही ते बेधडक सांगत सुटतात.

बेनेडेनिया समुद्री माशांच्या कातडीवर आणि परांवर राहतो. मागच्या टोकाला असलेल्या आकडेदार चकतीने तो माशाला घट्ट धरतो आणि कातडीच्या वरच्या पेशी व बुळबुळीत थर खातो. मांसात तो शिरत नाही. माणसाच्या आतड्यात तर तो जगूच शकत नाही. जपानमध्ये समुद्री पिंजऱ्यांत वाढवलेल्या ‘बुरी’ माशांवर बेनेडेनिया सेरिओली ही जुनी डोकेदुखी आहे. तिथे तिला ‘हादामुशी’ म्हणतात. आणि हाच बुरी तिथले लोक साशिमी म्हणून कच्चा खातात! आपल्याकडचा मासा तर कालवणात उकळतो किंवा तव्यावर खरपूस भाजला जातो.

धास्ती घ्यायचीच तर अॅनिसाकिसची घ्यावी. तो गोल कृमी, वेगळ्याच कुळातला. त्याच्या अळ्या माशाच्या आतड्यांभोवती आणि मांसातही असतात, आणि कच्च्या माशातून त्या माणसाला खरोखर आजारी पाडतात. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात असा मासा उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवण्याचा पर्याय दिला आहे.

बेनेडेनियाचा खरा बळी मासाच. त्याची कातडी सोलवटते, तो जाळ्याला अंग घासतो, जखमांत जिवाणू शिरतात, खाणे सुटते, वाढ खुंटते. जवळच्याच निओबेनेडेनिया प्रजातीतला एक कृमी 1927 मध्ये मॅक्कॅलम यांनी न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या माशांवरून नोंदवला. तो डोळ्यांवरही बसतो आणि मासा आंधळा होऊ शकतो.

‘तो रक्त पितो’ हेही खोटे. ‘गोगलगायी मारल्या की साथ थांबते’ हा समज यकृत-कृमीवरून आलेला. बेनेडेनियाला मधला यजमान लागत नाही, अंड्यातून निघालेली अळी पोहत थेट माशाला गाठते.

‘गोड्या पाण्यात एकदा बुडवले की काम झाले’ हा समज मात्र मत्स्यपालकाला महागात पडतो. काही मिनिटांत पारदर्शक कृमी पांढरे पडून गळतात, हे खरे. पण लांब तंतूंनी जाळ्यात गुंतलेली अंडी तशीच राहतात. म्हणून जाळी बदलावी लागते, आणि नवे कृमी अंडी घालण्याआधी दुसरी आंघोळ द्यावी लागते. पाणी जितके उबदार, तितकी ती लवकर.