गरुडावरून ओळखा काळ : ऑस्ट्रियाचे लष्करी बिल्ले

पहिल्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रियन लष्करी बिल्ल्यांचा काळ ठरवण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्यांवरचा गरुड. 1918 मध्ये साम्राज्य कोसळले आणि राजमुकुटधारी दुतोंडी गरुडही गेला. 1919 मध्ये प्रजासत्ताकाने एकतोंडी गरुड स्वीकारला. त्याच्या डोक्यावर तटबंदीचा मुकुट, एका पायात विळा आणि दुसऱ्यात हातोडा आहे. ही नागरिक, शेतकरी आणि कामगार यांची प्रतीके. 1934 मध्ये हुकूमशाही राजवटीने दुतोंडी गरुड परत आणला. मात्र त्याच्या दोन्ही डोक्यांमागे मुकुटाऐवजी प्रभावळी आहेत. 1938 मध्ये जर्मनीने देश गिळंकृत केल्यावर ऑस्ट्रियाचे स्वतंत्र सैन्यच उरले नाही. 1945 मध्ये एकतोंडी गरुड परतला, पायांत तुटलेली साखळी घेऊन. नवे सैन्य मात्र 1955 च्या राज्य करारानंतरच उभे राहिले.

छातीवरची लाल-पांढरी-लाल ढाल 1919 पासूनच्या सर्व गरुडांवर असल्याने तिच्यावरून काळ ठरत नाही. पर्वतीय सैनिकांचे एडलवाइस फूलही साम्राज्यकाळापासून चालत आलेले असल्याने ते एकटे पुरेसे नाही.

त्यानंतर बिल्ला उलटून पाहावा. कारखान्याचा शिक्का, टाचणीची जोडणी आणि झीज तपासावी. साच्याने ठोकलेल्या अस्सल बिल्ल्याच्या रेषा धारदार असतात. ओतीव नकलेवर बहुधा बारीक छिद्रे आणि बोथट कडा दिसतात. बिल्ला कुठून मिळाला याची नोंद लगेच करून ठेवावी, कारण त्या माहितीमुळेच त्याला इतिहासाचा पुरावा म्हणून मोल येते.