काटा खरा की इंजिन खरं?

जुन्या गाडीची जपणूक : लेखांक ८

जुलैमधली संध्याकाळ होती. घाटकोपरहून मुलुंडला येत होतो. लाल बहादूर शास्त्री मार्गावर विक्रोळीपाशी गाड्या खोळंबलेल्या आणि वरून पावसाची झड. अंधारून आलं म्हणून माझ्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाइट लावले. वायपर चालू होताच. मिनिटभरात टेम्परेचरचा काटा मधल्या खुणेवरून सरकत सरकत लाल पट्टीला टेकला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, पाणी उकळल्याची गुडगुड नव्हती, करपल्याचा वास नव्हता. वीस मिनिटं थांबलो. मग दिवे न लावता गाडी सुरू केली, तर काटा मध्यावर. दिवे लावले की वर, बंद केले की पुन्हा खाली.

हेडलाइट लावल्याने इंजिन तापत नाही. म्हणजे बिघाड पाण्यात नव्हता, विजेत होता.

गेल्या लेखांकात आपण रेडिएटर आणि फॅन बेल्ट पाहिले. त्यानंतर अनेक वाचकांचा प्रश्न एकच होता : सगळं ठीक असूनही काटा वर का जातो? त्याचं उत्तर शोधायचं तर आधी एक फरक मनात पक्का करावा लागतो. ‘गाडी गरम होते’ ही एक तक्रार आणि ‘काटा गरम दाखवतो’ ही दुसरी. गॅरेजमध्ये दोन्ही एकाच वाक्यात सांगितल्या जातात. मग रेडिएटर उतरवला जातो, वॉटर पंप बदलला जातो, पैसे जातात आणि काटा होता तिथेच राहतो.

तरीही रस्त्यावर असताना नियम एकच. काटा लाल पट्टीत गेला की तो खरा आहे असंच समजायचं. इंजिन बंद करायचं, निवू द्यायचं आणि तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. झाकणामुळे आतलं पाणी दाबाखाली असतं. ७ पीएसआयचं झाकण असेल तर पाण्याचा उत्कलनबिंदू ११० अंशांच्या पुढे जातो. झाकण सैल होताच तेच पाणी एकदम उकळून अंगावर येतं. काट्यावर शंका घ्यायची ती घरी पोचल्यावर. खोट्या काट्यापायी अर्धा तास गेला तर काही बिघडत नाही, पण खऱ्या काट्याकडे दुर्लक्ष केलं तर हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं.

आता हा काटा हलतो कसा ते पाहू. जुन्या गाड्यांत दोन पद्धती आढळतात. पहिली यांत्रिक. इंजिनात एक छोटा बल्ब असतो, त्यात लवकर वाफ होणारा द्रव भरलेला असतो आणि तिथून तांब्याची केसासारखी बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते. द्रव तापला की दाब वाढतो आणि काटा सरकतो. ही नळी कुठे चिरली की दाब निघून जातो आणि काटा कायमचा खाली बसतो. अशी नळी असेल तर इंजिन उतरवताना ती ओढू नका, मुडपू नका. तुटल्यावर ती घरी जोडता येत नाही.

दुसरी पद्धत विजेची, आणि आपल्याकडच्या बहुतेकांच्या गाडीत हीच असते. इंजिनाच्या पाण्यात बुडालेला एक सेंडर असतो. गॅरेजमध्ये त्याला सेन्सरच म्हणतात. पाणी गार असताना तो विजेला जास्त अडवतो, तापलं की कमी अडवतो. बॅटरीचा प्रवाह मीटरमधून निघतो, वायरने सेंडरपर्यंत जातो आणि इंजिनाच्या धातूतून, म्हणजे अर्थिंगमधून, परत फिरतो. जितका प्रवाह जास्त, तितका काटा वर. म्हणजे साखळीच्या कड्या पाच : वीजपुरवठा, मीटर, वायर, सेंडर आणि अर्थ. काटा चुकला तर या पाचांपैकी एक कडी कच्ची आहे. शोध नेहमी फुकटच्या कडीपासून सुरू करावा.

पहिली पाहणी पेट्रोलच्या काट्याची. दोन्ही काटे एकदम चुकू लागले तर सेंडरला हात लावू नका. दोन वेगवेगळे सेंडर एकाच दिवशी बिघडत नाहीत, दोष दोघांच्या सामाईक पुरवठ्यात असतो. साठच्या दशकापासून स्मिथ्सचे मीटर लावलेल्या इंग्रजी गाड्यांत यासाठी एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर सर्रास असे. तो मीटरना सरासरी १० व्होल्ट देतो. त्याचं अर्थिंग सुटलं की पुढे पूर्ण व्होल्टेज जातं आणि दोन्ही काटे फुगीर आकडे दाखवतात.

दुसरी पाहणी दोन मिनिटांची. गार इंजिनावर फक्त चावी फिरवा. काटा त्याच क्षणी वर जायला लागला तर सेंडरची वायर काढून बघा. तरीही वरच जात असेल तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. वायर काढताच काटा पूर्ण खाली आला तर इथवर ठीक. मग त्या वायरचं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला दोन-तीन सेकंद टेकवा, त्याहून जास्त नको. काटा वर धावला तर मीटर आणि वायर शाबूत आहेत. आता संशय सेंडरवर किंवा त्याच्या बसण्याच्या जागेवर. इथेच एक नेहमीची चूक सापडते. पाणी झिरपू नये म्हणून सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असते. अनेक सेंडरना अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो. टेपने तो अडला की काटा खाली राहतो आणि इंजिन तापत असलं तरी तुम्ही निश्चिंत असता. हा खोटेपणा सगळ्यांत महागात पडणारा.

तिसरी पाहणी स्वयंपाकघरातली. इंजिन पूर्ण गार झाल्यावर सेंडर काढा. एका जुन्या पातेल्यात पाणी घ्या. पुन्हा अन्नासाठी वापरणार नाही असंच पातेलं घ्या. सेंडर तारेने असा टांगा की फक्त टोक बुडेल आणि तळाला लागणार नाही. शेजारी थर्मामीटर धरा. मल्टीमीटरची एक पिन सेंडरच्या टोकाला, दुसरी त्याच्या पितळी अंगाला. गॅस मंद ठेवा आणि दर १० अंशांना ओहमचा आकडा लिहून ठेवा. चांगल्या सेंडरचा आकडा उतरत जातो, कुठेही उडी मारत नाही, अडकत नाही. या कामात मुंबईकरांची एक सोय आहे. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे आपल्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरला ते सुमारे ९५ अंशांवर उकळेल. म्हणून थर्मामीटरवर भरवसा नसला तरी बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये उकळी फुटली की एक आकडा पक्का हाती येतो.

सेंडरही नीट निघाला तर काटा बहुधा खरं बोलतोय आणि आपणच चुकीचं वाचतोय. दोन प्रसंग लक्षात ठेवा. पाण्याची पातळी उतरली की सेंडर उघडा पडतो. भोवती पाण्याऐवजी हवा असते, त्यामुळे इंजिन भाजत असूनही काटा खाली येतो किंवा भरकटतो. चढत चाललेला काटा मध्येच अचानक खाली आला तर सुटकेचा श्वास टाकू नका, गाडी थांबवा. दुसरा प्रसंग म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट, ज्याला मिस्त्री ‘वॉल’ म्हणतात. तो नसला की हायवेवर काटा वरच येत नाही. लोक नवं मीटर घेतात. मीटर बिचारं बरोबरच असतं, इंजिनच गार चालत असतं.

मग विक्रोळीला काय झालं होतं? दिवे, वायपर यांना लागणारी वीज अल्टरनेटर देतो आणि तो इंजिनावर बसलेला आहे. ही वीज बॉडीतून इंजिनाकडे परतते ती एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून. माझ्या गाडीतली ती पट्टी खारट हवेने आणि पावसाने हिरवी पडली होती, एका टोकाचा बोल्ट बोटांनी फिरत होता. भार वाढला की त्या खराब जोडावर व्होल्टेज पडायचं आणि मीटरला ते जास्तीचं मिळायचं. पट्टी काढली, दोन्ही टोकं आणि खालचा धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, पट्टी पुन्हा आवळली, वरून ग्रीस लावलं. खर्च पॉलिश पेपरचा. दिवे लावले, काटा जागचा हलला नाही.

हे सगळं लिहिण्यामागे एक कळकळ आहे. ही गाडी याच लाल बहादूर शास्त्री मार्गावर जन्मली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट पुढे चितोडच्या राणीचं नाव घेऊन पद्मिनी झाली. तिचं १०८९ सीसीचं इंजिन उपनगरातल्या कितीतरी मिस्त्रींना तोंडपाठ होतं, कारण काळी-पिवळी टॅक्सी रोज त्यांच्या दारात यायची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या, तसे ते जाणते हातही आता निवृत्त होताहेत. यापुढे गाडीची नाडी मालकालाच कळायला हवी.

म्हणून आज एक काम करा. गाडी नीट चालत असताना काटा कुठे असतो ते एका वहीत लिहून ठेवा : पहाटे मोकळ्या हायवेवर, दुपारी अंधेरीच्या जॅममध्ये, रात्री दिवे लावल्यावर. तीन नोंदी, तारखेसह. मीटरवरच्या लाल पट्टीआधी तुम्हाला ही वही सावध करील, कारण काटा लाल पट्टीत जायच्या आधी त्याच्या नेहमीच्या जागेवरून हललेला असतो.

(पुढील आठवड्यात : थर्मोस्टॅट काढून टाकावा का?)