जुन्या बाजारातला मॅग्नेट्रॉन आणि पावसाचं रडार

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेल्या रविवारी मायक्रोवेव्ह ओव्हनचा एक जुना मॅग्नेट्रॉन मिळाला. मुठीएवढा डबा, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, वर-खाली दोन काळी चुंबकी कडी. आत तांब्याच्या पाकळ्या. मधल्या तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन चुंबकामुळे गरगर फिरतात आणि पाकळ्यांमधल्या पोकळ्यांत 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी घुमू लागतात. 1940 मध्ये बर्मिंगहॅममध्ये भौतिकशास्त्रज्ञ रँडल आणि बूट यांनी हीच युक्ती रडारसाठी यशस्वी केली होती!

आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने सह्याद्रीवरचे ढग अभ्यासायला मांढरदेवच्या डोंगरावर एक्स-बँड रडार बसवलं. अशा रडारचा प्राण म्हणजे ताकदवान लहरी. क्लायस्ट्रॉन नळी दिलेला संकेत जसाच्या तसा मोठा करते, पण ती महाग आणि अवजड. मॅग्नेट्रॉन स्वस्त, पण तो स्वतःच्या लयीत सुरू होतो. प्रत्येक स्पंदाची फेज, म्हणजे लहरीची सुरुवातीची स्थिती, वेगळी. मग फेजमधल्या बदलावरून वाऱ्याचा वेग मोजायचा कसा? उपाय फार सुंदर आहे: पाठवलेल्या प्रत्येक स्पंदाचा नमुना नोंदवायचा आणि परतलेला प्रतिध्वनी त्याच्याशी ताडायचा.

दुसरी वाट अभियंता विल्यम ब्राउन यांची. बाहेरून बारीकसा संकेत देऊन त्यांनी ओव्हनचा मॅग्नेट्रॉन त्याच लयीला बांधला, म्हणजे स्वस्त नळीचा ॲम्प्लिफायरच केला. मला हे काम अजून थक्क करतं.

कळकळीची विनंती: घरचा ओव्हन उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो.