उत्तेजनातून संयम : मेंदूतील गाबाची निर्मिती
चेतापेशींना उत्तेजित करणारे ग्लुटामेट हेच त्यांना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या अमिनो आम्लाचे पूर्वद्रव्य आहे. ग्लुटामेट डिकार्बॉक्सिलेज हे विकर ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू वेगळा करते आणि गाबा तयार होते. त्यासाठी ब-६ जीवनसत्त्वापासून बनणारे सहविकर आवश्यक असते.

जयसिंगपूरमधील एखाद्या क्षयरुग्णाचे उदाहरण घ्या. आयसोनियाझिड या औषधामुळे शरीरातील ब-६ कमी होते. म्हणून हातापायांच्या नसांच्या रक्षणासाठी सोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे ब-६ची, गोळी देतात. आयसोनियाझिड अतिप्रमाणात पोटात गेल्यास सहविकर अपुरे पडते, मेंदूतील गाबा घटते आणि झटके येतात. तेव्हा शिरेतून दिलेले पायरिडॉक्सिन प्राण वाचवू शकते. उत्तेजन आणि संयम यांचा तोल असा एका जीवनसत्त्वावर अवलंबून असतो.