पायडलला जोड की पायडलला सुट्टी?

ई-सायकलचा विषय निघाला की पट्टीचे सायकलवाले एकच शब्द वापरतात, ‘चीटिंग’. घाट चढून घामाघूम झालेला माणूस टपरीवर चहा पीत असावा आणि शेजारी कुणीतरी कोरड्या कपाळाने येऊन सायकल टेकवावी, मग हा शब्द ओठांवर यायचाच. पण तक्रार जुनी आहे, मोटरच्याही आधीची. १९०२ साली फ्रान्समध्ये डोंगराळ रस्त्यांवर सायकलींची एक चाचणी झाली. त्यात गिअरवाल्या सायकलवर बसलेल्या मार्थ एस या बाईंनी बिनगिअरच्या सायकलवरच्या नामांकित पुरुष स्पर्धकाला मागे टाकलं. त्यावर आंरी देग्रांज खवळले. हेच गृहस्थ पुढच्या वर्षी टूर द फ्रान्स सुरू करणार होते. गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे, खऱ्या गड्याने स्नायूंच्या जोरावर जिंकावं, असं त्यांचं म्हणणं. गिअर बदलणाऱ्या डिरेलरला त्यांच्या शर्यतीत प्रवेश मिळायला १९३७ साल उजाडलं. आज एकवीस गिअरची सायकल घेऊन सिंहगडाचा रस्ता चढणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही. म्हणून मोटरवरचा आक्षेप आपोआप खोटा ठरतो असं मात्र नाही. गिअर जोर वाटून देतो, स्वतःचा जोर घालत नाही, मोटर घालते. फरक मोठा आहे, आणि आनंदाचा प्रश्न तिथेच येतो.

आधी नावाचा गोंधळ मिटवायला हवा. आपल्याकडे ‘ई-बाइक’ म्हटलं की विजेची स्कूटर किंवा मोटरसायकल डोळ्यांसमोर येते. ई-बाइक टॅक्सी म्हणतात ती तीच. इथे विषय आहे ई-सायकलचा. तिला चेन आहे, पायडल आहे, आणि शिवाय बॅटरीवरची छोटी मोटर आहे. तिचं आधुनिक रूप जपानमधलं. यामाहाने १९९३ साली ‘पास’ नावाची सायकल बाजारात आणली. पायडलवर जोर पडला तरच मोटरने हात लावायचा, हे तिचं तत्त्व. आणि चालवणाऱ्याच्या जोरापेक्षा मोटरचा जोर जास्त असता कामा नये, असा त्या वेळचा जपानी नियम. युरोपने पुढे आपली चौकट आखली: मोटर २५० वॉटची, मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, आणि पाय थांबले की मोटर बंद. याहून वेगात जायचं असेल तर स्वतःच्या पायांनी जा. भारतातही २५० वॉट आणि २५ किलोमीटर हेच आकडे आहेत. त्या मर्यादेत लायसन लागत नाही की नंबरप्लेट. पण आपल्याकडे ही सवलत पायडल मारणाऱ्या सायकलीला आहे तशी नुसत्या मुठीवर पळणाऱ्या संथ गाडीलाही आहे. पुढे ज्या फरकाबद्दल बोलायचं आहे, तो आपल्या कायद्याला महत्त्वाचा वाटलेला नाही.

सायकल चालवताना मजा कशाची येते? नळीखालून पाय घालून शिकणारं पोर पहिली गोष्ट शिकतं ती ही, की जोर लावला की ती पुढे जाते आणि नाही लावला की आडवी होते. पायाने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा जाब सायकल लगेच देते. मजेचा गाभा या जाबात आहे असं मला वाटतं. धाप लागणं हा त्याचा एक परिणाम, तोही रस्त्यावर अवलंबून असलेला. थोडा हिशेब मांडू. पंचाहत्तर किलोचा माणूस पंधरा किलोच्या सायकलवर बसून शंभर मीटरमागे आठ मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्याला लागला. सवय नसलेला पण धडधाकट माणूस बराच वेळ टिकवू शकतो तो जोर साधारण शंभर वॉटचा, म्हणजे जुन्या शंभरच्या बल्बाइतका. वारा आणि घर्षण सोडून दिलं तरी या जोरावर त्या चढाला वेग मिळतो ताशी पाच किलोमीटर. हा चालण्याचा वेग झाला. एवढ्या वेगात हँडल झोकांड्या खातं, तोल सावरण्यातच निम्मा जीव जातो आणि माणूस शेवटी उतरून सायकल ढकलतो. आता तोच माणूस पंचवीस किलोच्या ई-सायकलवर बसवा आणि त्याच्या शंभर वॉटला मोटरचे शंभर जोडा. वेग होतो ताशी नऊच्या आसपास. पोटऱ्या भरून येतात, कपाळावर घामही येतो, फक्त सायकल सायकलसारखी चालते. उलट सपाट रस्त्यावर सराव असलेला माणूस ताशी पंचवीसच्या जवळपास स्वतःच पोहोचतो. तिथे मोटर बाजूला होते. उतारावर तर तिची गरजच नाही. म्हणजे मोटरचं काम चढावर, समोरून वारा असताना आणि सिग्नल सुटल्यावर भरल्या पिशवीनिशी निघताना. वळणावर कलणं, उताराचा वारा, चेनचा आवाज, सपाटीवर पाय लयीत येणं, या गोष्टींना ती हात लावत नाही.

अर्थात हे सगळं मोटर कशी मदत करते त्यावर आहे, आणि दुकानातला विक्रेता नेमकं हेच सांगत नाही. चांगल्या ई-सायकलमध्ये क्रँक ज्या आसावर फिरतात तिथे टॉर्क सेन्सर असतो. पायाने किती रेटलं ते तो मोजत राहतो आणि त्या प्रमाणात मोटर जोर देते. हळू दाबलं तर हळू, चढाला उभं राहून रेटलं तर जोरात. जाब देण्याचं नातं शाबूत राहतं, उत्तर फक्त जरा मोठ्या आवाजात येतं. दुसरा प्रकार स्वस्तातला. त्यात चुंबक बसवलेली एक चकती क्रँकबरोबर फिरते आणि सेन्सरला एवढंच कळतं की पायडल फिरतंय की नाही. किती जोराने, ते त्याला कळत नाही. अशा सायकलवर तुम्ही पायडल मारता, क्षणभर काही होत नाही, मग कुणीतरी मागून धक्का दिल्यासारखी ती एकदम पुढे उसळते. पाय थांबवले तरी जरा वेळ ढकलतच राहते. गर्दीच्या गल्लीत तेवढा वेळ फार असतो. इथे पाय नुसते बटणाचं काम करतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे मूठ पिळली की पळणारी, थ्रॉटलवाली. तिला पायडल असतात, पण बहुतेक वेळा ते पाय टेकायला. ‘ई-सायकलने मजा घालवली’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारावर एक चक्कर मारलेली असते. त्यांचं म्हणणं त्या सायकलीपुरतं खरं आहे.

‘पण कष्टच गेले तर उरलं काय?’ या शंकेवर मोजमापं उपलब्ध आहेत. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली ३३ सरावलेल्या माउंटन-बाइकवाल्यांना एकाच वाटेवर दोन्ही सायकलींवर पाठवलं. पायडलला जोड देणाऱ्या सायकलवर हृदयाचे ठोके साध्या सायकलच्या सुमारे ९४ टक्के भरले. व्यायाम जोरदार म्हणावा असाच झाला होता. चालवणाऱ्यांना मात्र तो खूपच कमी वाटला. त्याच वर्षी युरोपातल्या सात शहरांमधल्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांपेक्षा कमी नव्हती. कारण साधं आहे, ते जास्त लांब जात होते: एक फेरी सरासरी ९.४ किलोमीटरची, साध्या सायकलवाल्यांची ४.८ ची. यावर चोखंदळ वाचक म्हणेल की ज्यांना लांब जायचं असतं तेच ई-सायकल घेत असतील, यात सायकलचं कर्तृत्व काय? शंका रास्त आहे. तिचं उत्तर नॉर्वेतल्या एका प्रयोगातून मिळतं. तिथे यादृच्छिकपणे निवडलेल्या ६६ जणांना दोन किंवा चार आठवडे ई-सायकल वापरायला दिली. त्यांचं रोजचं सायकलवरचं अंतर दुपटीहून वाढलं, आणि बायकांमध्ये हा परिणाम पुरुषांपेक्षा जास्त दिसला. नावडतं काम कुणी आपणहून दुप्पट करत नाही. मजा मोजायचं यंत्र नाही, पण माणसं पुन्हा पुन्हा सायकलकडे वळतात की ती गॅलरीत धूळ खात पडते, हे त्याच्या बऱ्यापैकी जवळ जातं.

दुसरा आक्षेप अभिमानाचा. स्वतःच्या पायांनी चढल्याचं समाधान वेगळं, त्याला जोड नाही. हे मला शंभर टक्के मान्य आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत पुरी केली. साधारण पावणेपाच हजार किलोमीटर, दोघांनी मिळून. त्या पराक्रमात मोटरला जागा नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायची बीआरएम ही लांब पल्ल्याची फेरीही केवळ स्नायूंच्या बळावरच करायची असते, आणि ते योग्यच आहे. सायकलच्या चौकटीत मोटर लपवल्याचं उघड झाल्यावर बेल्जियमच्या एका तरुण स्पर्धक मुलीवर २०१६ मध्ये सहा वर्षांची बंदी आली, तीही योग्य. जिथे तुलना आहे तिथे मोटर ही लबाडीच. पण शाळेतून मुलाला आणणारी आई, भाजीची पिशवी कॅरिअरला बांधून येणारे साठीतले काका, ऑफिसात ओल्या शर्टाने शिरायचं नसलेली मुलगी, यांची शर्यत कुणाशी लागली आहे? ‘चीटिंग’ म्हणायला आधी डाव मांडलेला असावा लागतो.

माझ्या मते ई-सायकलविरुद्धचा खरा वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि सायकलवाले तो फारसा मांडत नाहीत. साध्या सायकलची निम्मी मजा तिच्या साधेपणात आहे. हवा भरली, चेनला दोन थेंब तेल दिलं, निघालो. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तिचा सगळा कारभार जाणतो. ई-सायकलच्या मागच्या चाकात मोटर असेल तर साध्या पंक्चरसाठी चाक बाहेर घ्यायचं तरी आधी मोटरची वायर सोडवावी लागते, आणि वायर पाहिली की तो पंक्चरवाला हात मागे घेतो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय पंचवीस किलो उचलून नेणं हा वेगळाच व्यायाम. वाटेत बॅटरी संपली तर तेच वजन चढावर आपल्यालाच ओढायचं असतं. वीज स्वस्त आहे, एका पूर्ण चार्जिंगला बहुतेक सायकलींना अर्ध्या युनिटच्या आतबाहेर लागते. पण बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च सायकलच्या किमतीच्या मानाने चांगलाच असतो. ही अडचण तत्त्वाची नाही, व्यवहाराची आहे. मजा जाते ती बहुतेकदा इथे, रस्त्यावर नव्हे.

मोटर आली की पायडल मागे पडतं, मूठ पुढे येते, ही भीतीही निराधार नाही. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त, आणि आता नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींत निम्म्याहून अधिक विजेवरच्या. जर्मनीतही २०२३ साली ई-सायकलींचा खप साध्या सायकलींच्या पुढे गेला. त्याच नेदरलँड्समध्ये रुंद टायरांच्या ‘फॅटबाइक’वरून वाद पेटला आहे. कोवळी पोरं त्यांना थ्रॉटल लावून, वेगमर्यादा काढून सायकलच्या वाटेवरून सुसाट जातात, आणि पोलिसांना रस्त्यात रोलर मांडून वेग तपासावे लागतात. तक्रार मोटरविरुद्ध असती तर आजी-आजोबांच्या ई-सायकलींवरूनही तेवढाच गहजब झाला असता. लोकांना खुपतं ते पाय न हलवता सायकलच्या वाटेवर आलेलं वाहन. आपल्याकडे पंचवीस-तीस हजारांच्या आसपास मिळणाऱ्या बऱ्याच ई-सायकलींत चकतीवाला सेन्सर आणि थ्रॉटल अशी जोडी असते, कारण ‘दमायचं नाही’ एवढं एकच वाक्य विकायला सोपं जातं.

सांगली-मिरजेसारख्या सपाट गावात रोज दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या कॉलेजच्या पोराने ई-सायकल घेऊ नये. त्याला तिचा उपयोग नाही आणि पैसे वाया. रत्नागिरी-चिपळूणकडे, जिथे चढ-उतार संपतच नाहीत, किंवा पुण्यात रोज चांदणी चौकाचा चढ ज्याच्या वाट्याला आहे, किंवा गुडघ्यांनी कुरकुर सुरू केल्यावर ज्यांनी सायकल विकायला काढली आहे, त्यांनी जरूर घ्यावी. मात्र दुकानासमोरच्या सपाट फुटपाथवर चक्कर मारून पैसे मोजू नका. जवळचा एखादा चढ गाठा, थ्रॉटलला हात न लावता पायडल आधी हळू आणि मग जोरात मारून पाहा, मग पाय थांबवा. सायकल तुमच्याबरोबर थांबली तर घ्या. पुढे ढकलतच राहिली तर दुसरी दाखवायला सांगा.